चार मॅचेसचा सीझन

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या बास्केटबॉल टीम एका सीझनमध्ये तीसच्या आसपास मॅचेस खेळतात. नोव्हेंबरात नारळ फुटला की मार्चपर्यंत चालू. एक हरली तर चार दिवसांनी दुसरी असतेच. इंदूरला मी कॉलेजकडून शेवटचा सीझन खेळलो त्या वर्षी आमच्या वाट्याला चार मॅचेस आल्या, आणि त्यातली पहिली तर समोरची टीम उगवलीच नाही म्हणून कागदावर जिंकलो. आमची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नॉकआउट. हरलात की बॅग भरा, पुढच्या वर्षी या. आणि थर्ड इयरवाल्याला पुढचं वर्ष नसतं.

त्या वर्षी स्पर्धा बुरहानपूरला होती. हे लिहायला निमित्त असं, की २०२४ मध्ये खरगोनला क्रांतिसूर्य टंट्या भील विद्यापीठ सुरू झालं आणि बुरहानपूर, खंडवा वगैरे जिल्हे इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयातून तिकडे गेले. म्हणजे इंदूरचं कॉलेज आणि बुरहानपूरचं कॉलेज या स्पर्धेत आता समोरासमोर यायची सोय राहिली नाही. तिथे आमची जी सेमीफायनल झाली तशी आता कुणाची होणार नाही, म्हणून म्हटलं लिहून ठेवू.

सुरुवात जुलैत. ॲडमिशनची गर्दी ओसरली की नोटीस बोर्डावर कागद लागायचा. ट्रायल ऑगस्टमध्ये. आमचं कोर्ट सिमेंटचं, उघड्यावरचं, आणि इंदूरच्या पावसात त्यावर शेवाळाचा असा हिरवा थर चढायचा की ड्रिबल करत वळलात की सपशेल आडवे. ट्रायलच्या आधी ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशनं कोर्ट घासायचं काम फर्स्ट इयरच्या पोरांचं. सर म्हणायचे, जो घासायला आला तो निम्मा सिलेक्ट झाला. पोरांना ती थट्टा वाटायची. ते खरोखर त्यावरून निवडायचे.

सर म्हणजे कॉलेजचे क्रीडा अधिकारी. स्वतः कबड्डीवाले. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "बास्केटबॉल मुझे तुमसे कम आता है. फॉर्म और नियम मुझ पर छोड़ दो, खेल तुम देखो." इतकं सरळ बोलणारा शिक्षक मला तरी दुसरा भेटला नाही. आणि नियम त्यांनी खरंच पाठ केले होते. त्याचा फायदा कुठे झाला ते पुढे येईलच.

फॉर्मचं प्रकरण मात्र वाचणाऱ्यातल्या ज्यांनी कधी कॉलेजकडून काही खेळलंय त्यांनाच कळेल. एलिजिबिलिटी फॉर्म. दहावीची मार्कशीट, कारण जन्मतारीख तिच्यावरचीच धरतात. बारावीची मार्कशीट. चालू वर्षाची फीची पावती. फोटो, त्यावर प्राचार्यांची अर्धी सही फोटोवर आणि अर्धी कागदावर. वय १७ ते २५ मध्ये बसलं पाहिजे. बारा खेळाडूंचे बारा गठ्ठे, आणि त्यातल्या एकाची तरी मार्कशीट नेमकी गावी असते. आमच्या सेंटरची देवासला मामाकडे होती. हा सेंटर सहा फूट तीन इंच, त्यामुळे नाव लंबू. २०१५ मध्ये भारताच्या सतनाम सिंगला अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या एका टीमनं निवडलं तेव्हापासून कॉलेजात दर दोन दिवसांनी कुणीतरी लंबूला विचारायचं, "तेरा नंबर कब?" मामा मार्कशीट घेऊन स्वतः बसनं आले तेव्हा लंबूपेक्षा सरांनाच जास्त आनंद झाला.

पण आमचा सगळ्यात चांगला शूटर या फॉर्मपर्यंत पोचलाच नाही. तो स्वाध्यायी होता. मध्य प्रदेशात कॉलेजात विद्यार्थी दोन प्रकारचे, नियमित आणि स्वाध्यायी. स्वाध्यायी म्हणजे घरी अभ्यास करायचा आणि परीक्षेपुरतं यायचं. त्याच्या वडिलांचं सियागंजात किराण्याचं ठोक दुकान. दहा वाजता गल्ल्यावर बसायचं, रात्री शटर पाडूनच घरी. म्हणून आम्ही त्याला सेठ म्हणायचो. नियमित नाही म्हणजे कॉलेजकडून खेळता येत नाही, त्यात वळवण्यासारखं काही नव्हतं. तरी सेठ रोज सकाळी साडेपाचला कोर्टवर हजर. आमच्यातल्या कित्येकांच्या आधी.

त्याला पाहिलंय त्यांना सांगायला नको. हात उंच, कोपर आत, बॉल सोडल्यावर मनगट तसंच खाली लोंबतं ठेवायचं, आणि बॉल रिंगला न शिवता आत. आमच्या कोर्टवर थ्री पॉइंटची रेघ, जिच्या बाहेरून टाकला की तीन पॉइंट, ती जुनी होती, ६.२५ मीटरवाली. नियम २०१० मध्येच बदलून ६.७५ झालाय, पण ऑइल पेंट मारणार कोण आणि पैसे देणार कोण. सेठनं टेप लावून नवी रेघ खडूनं काढली. पाऊस आला की पुसायची. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा टेप घेऊन वाकलेला. मी एकदा म्हटलं, अरे अर्ध्या मीटरनं काय होतं? म्हणाला, "मॅच में पता चलेगा भिया, जब रिंग के आगे गिरेगी."

सरांनी खेळ आमच्यावर सोडला होता आणि आम्ही तो सेठवर सोडला. त्याची एकच पद्धत. आधी लाइन ड्रिल, ज्याला पोरं सुसाइड म्हणतात. बेसलाइनवरून, म्हणजे रिंगखालच्या शेवटच्या रेघेवरून, फ्री थ्रोच्या रेघेपर्यंत आणि परत, मग अर्ध्या कोर्टापर्यंत आणि परत, मग पलीकडची फ्री थ्रो लाइन, मग पलीकडची बेसलाइन, दरवेळी वाकून हात टेकवायचा. ते संपलं की श्वास घ्यायलाही न थांबता दोन फ्री थ्रो. एकही हुकला तर सगळ्यांनी पुन्हा पळायचं, हुकवणाऱ्यानं सोडून. तो उभा राहून बघणार. स्वतः पळणं परवडलं, बाकी दहा जण तुमच्यामुळे धापा टाकताना बघणं वाईट. सेठचं म्हणणं असं, की फ्री थ्रो म्हणजे फुकटचा पॉइंट, समोर अडवायला कुणी नाही, पण मॅचमध्ये तो ताज्या पायांवर मिळत नाही. कुणीतरी आडवं पाडल्यावर मिळतो. मग दमलेल्या पायांनीच मारायची सवय हवी.

मला हे तेव्हा अति वाटायचं. नाटकी पास, बिहाइंड द बॅक, असलं काही शिकावं असं वाटायचं. शिकवलं नाही त्यानं.

सप्टेंबरात गणपती आले आणि प्रॅक्टिस मोडली. हे इंदूरात दरवर्षीचं. रामबागेतल्या आमच्या घरी दीड दिवसाचा, कॅप्टनकडे लोकमान्य नगरात गौरींबरोबर जाणारा, आणि अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांचे रथ. गिरण्या कधीच्या बंद पडल्या, झांक्या चालूच. रात्रभर सगळं शहर रस्त्यावर असतं, पहाटे साडेपाचला कोर्टवर कोण येणार? सेठ आला होता म्हणे. एकटाच शूट करून गेला.

जर्सी मिळाल्या त्या जुन्याच, ४ ते १५ नंबरच्या. आधी नियमच तसा होता. रेफरी एक, दोन, तीन बोटं पॉइंट दाखवायला वापरतात म्हणून खेळाडूंचे नंबर चारपासून. २०१४ नंतर कुठलाही नंबर चालतो, पण कॉलेजच्या कपाटातला गठ्ठा त्याआधीचा. चार नंबर कॅप्टनला, ही रीत. मला नऊ. काखेत उसवलेला, आईनं दोऱ्याचा रंग न जुळवता शिवून दिला.

बुरहानपूरला आम्ही बसनं गेलो. सिमरोलचा घाट, बडवाह, मग मोरटक्क्याच्या पुलावर सगळ्यांनी खिडकीतून नर्मदेत नाणी टाकली. लंबूनं दोन, का ते सांगितलं नाही. आईनं दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लसणाची चटणी खंडव्याच्या आत संपली, त्यातल्या निम्म्या सरांनी खाल्ल्या. पुढे असीरगड दिसायला लागला की बुरहानपूर आलंच समजायचं. उतरायची सोय यजमान कॉलेजच्या एका वर्गात. बाकं कडेला लावलेली, खाली गाद्या, फळ्यावर कुणाचा तरी अर्थशास्त्राचा तास तसाच.

पहिली मॅच वॉकओव्हर. दुसरी धारच्या एका टीमशी. त्यांच्याकडे पळणारी पोरं होती, उंची नव्हती, लंबूनं रिंगखाली उभं राहून काम संपवलं. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सेमीफायनल यजमानांशीच, संध्याकाळी, दिव्याखाली. कोर्ट आमच्यासारखंच सिमेंटचं, फक्त धूळ जास्त. प्रत्येक क्वार्टर संपला की दोन पोरं ओलं पोतं ओढत कोर्टभर फिरायची. ते वाळेपर्यंत बूट घसरायचे, वाळलं की धुळीवरून घसरायचे. आम्ही थुंकी लावून तळहातानं बुटाचे तळवे पुसायचो. शॉट मारायची मुदत मोजणारं शॉट क्लॉकचं यंत्र नव्हतं. चोवीस सेकंद मोजायला टेबलावर एक गृहस्थ स्टॉपवॉच घेऊन बसलेले, दहा उरले की उभे राहून "दस!" ओरडायचे, पाच उरले की "पाँच!" आणि मग एकेक. त्यांचे पाच सेकंद कधी चार असायचे, कधी सात. पण दोन्ही टीमना सारखेच, म्हणून कुणी बोललं नाही. गर्दी तर सगळ्या कॉलेजची, भिंतीवर, झाडावर, सायकलस्टँडच्या पत्र्यावर.

आता आमची एक युक्ती होती. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच, कॅप्टन आणि मी, आणि दोघंही गार्ड. बॉल वर घेऊन यायचं काम आमचंच. इंदूरला खेळताना आम्ही एकमेकांशी मराठीत बोलायचो, भराभर, अर्धवट: "मागनं फिर", "लंबूला खाली टाक", "तो डावा हात वापरत नाही, तिकडे ढकल". बाकीच्या पोरांनाही ऐकून ऐकून तेवढं कळायला लागलं होतं. समोरच्यांना पत्ता लागायचा नाही. धारच्या टीमला शेवटपर्यंत लागला नाही.

इथे पहिल्याच चढाईला कॅप्टन ओरडला, "मागनं फिर, मागनं!" मी लंबूच्या आडून फिरलो आणि तिथे त्यांचा गार्ड आधीच उभा. काटकुळा, केस तेलानं चापून बसवलेले. योगायोग असेल म्हणून पुढच्या वेळी "खाली टाक". पास सुटायच्या आत त्यांची दोन माणसं लंबूच्या अंगावर. तिसऱ्या वेळी त्यानं माझ्या हातातून बॉल काढून घेतला, पळत रिंगखाली जाऊन ले-अप टाकला, आणि परतताना माझ्या शेजारून जाता जाता म्हणाला, "आम्हाले बी समजते भो."

बुरहानपूर जळगाव जिल्ह्याला लागून. तिथल्या कित्येक घरांत मराठी बोलतात, हे आम्हा दोन शहाण्यांच्या ध्यानीमनी नाही. तिकडे पत्र्यावरची पोरं आता आम्हाला मराठीतच शिव्या द्यायला लागली होती, आणि खरं सांगतो, इंदूरात एवढी अस्सल मराठी शिवी ऐकायला मिळत नाही. आमची भाषा हिंदीच्या शेजारी राहून गुळगुळीत झालेली. हाफटाइमला आम्ही अकरा पॉइंटनी मागे.

पंधरा मिनिटांच्या त्या ब्रेकमध्ये कॅप्टन म्हणाला, आता बोलायचंच नाही, हातानं खुणा करू. पण खुणा ठरवायला वेळ कुठे होता? तिसऱ्या क्वार्टरमध्ये आम्ही मुक्याचा खेळ खेळलो. अंतर वाढलं नाही, कमीही झालं नाही.

मग सरांचं नियमांचं पाठांतर कामाला आलं. एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून अडवताना केलेल्या प्रत्येक फाउलला समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, शूट करत असो वा नसो. चार झाले की टेबलावर लाल खूण ठेवतात. चौथा क्वार्टर सुरू होऊन तीन मिनिटंही झाली नव्हती आणि यजमानांचे तीन फाउल झालेले. सगळ्यांचं लक्ष स्कोअरवर, सरांचं टेबलावर. त्यांनी टाइमआउट घेतला. त्यात बास्केटबॉलचं एक अक्षर नाही. म्हणाले, "बाहर से कोई नहीं मारेगा. बॉल लेके अंदर घुसो, और गिरो मत, गिराने दो." कबड्डीवाला माणूस, समोरच्याच्या अंगणात घुसणं त्यांना कुणी शिकवायला नको.

आम्ही घुसलो. चौथा फाउल, लाल खूण लागली. पाचवा लंबूवर, दोन फ्री थ्रो. सहावा माझ्यावर, त्या चापून बसवलेल्या केसांच्या गार्डकडूनच. मी रेघेवर उभा राहिलो तेव्हा छाती भात्यासारखी चालू होती, पत्र्यावरून ठणाणा, रिंगमागे कुणीतरी टॉवेल फिरवतंय. आणि मला चक्क काही वाटलं नाही. त्याहून दमलेल्या पायांनी मी रोज सकाळी मारत आलो होतो. कोपर आत. दोन्ही गेले. पुढे त्यांची पोरं हात लावायला घाबरायला लागली, त्यामुळे ले-अपही सुटे मिळायला लागले. शेवटच्या दोन मिनिटांत आम्ही पहिल्यांदा पुढे गेलो आणि तीन पॉइंटनी मॅच काढली. फ्री थ्रो आम्ही त्या क्वार्टरमध्ये एकच हुकवला. कॅप्टननं, आणि त्याला अजून ऐकवतो.

मॅचनंतर तो गार्ड आला, हात मिळवला, आणि आम्हाला मावा जिलबी खायला घेऊन गेला. इंदूरच्या माणसाला जिलबीचं कौतुक सांगावं लागत नाही, पण ही काळसर, जाड, माव्याची. एकीत पोट भरतं. त्याच्या घरी आईशी तो जे बोलतो ते आम्हाला निम्मं कळायचं नाही असं तो म्हणाला, आणि बोलून दाखवलं. खरंच नाही कळलं. दुसऱ्या दिवशी फायनलला तो पत्र्यावर बसून आमच्या बाजूनं ओरडत होता.

फायनल हरलो. समोर इंदूरचंच एक कॉलेज, आमच्यापासून सायकलनं जाता येईल इतकं जवळचं. त्यांच्याशी खेळायला आम्ही नर्मदा ओलांडून आलो होतो. त्यांनी सेमीफायनल नीट बघितली होती. लंबूला भिडून भिडून तिसऱ्या क्वार्टरमध्येच त्याचे पाच फाउल करवले. पाच झाले की खेळाडू बाहेर, परत आत येता येत नाही. त्यानंतर प्रत्येक रिबाउंड, रिंगवरून उडालेला बॉल, त्यांचा. ५२–६१. आमचा डाव आमच्यावर उलटला, आणि त्यांनी तो आमच्यापेक्षा सफाईनं खेळला.

परतल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सेठनं पुऱ्या मॅचचा हिशेब मागितला. कुठून किती मारले, कुणी किती हुकवले. दुकानाच्या वहीसारखं त्याला सगळं जागच्या जागी हवं होतं. फायनलमध्ये बाहेरून आमचा एकच थ्री पॉइंट गेला हे ऐकून तो काही बोलला नाही. आम्हीही बोललो नाही. तो असता तर, हे वाक्य त्या टीममध्ये कुणी कधी पूर्ण केलं नाही.

विद्यापीठाच्या टीमच्या कँपला कॅप्टन आणि लंबूला बोलावलं, माझं नाव स्टँडबायमध्ये. स्टँडबायचा फोन येत नसतो, आला नाही. ते दोघं विद्यापीठांच्या वेस्ट झोन स्पर्धेला गेले. तिथे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थानची विद्यापीठं असतात आणि पहिल्या चार टीम पुढे ऑल इंडियाला जातात. आपली टीम लवकर बाहेर पडली. कॅप्टन सांगत होता, तिकडे शॉट क्लॉक रिंगच्या वर लाल आकड्यांत, आणि हा सवयीनं मान वळवून टेबलाकडे ओरडणारा माणूस शोधतोय.

डीएचे, म्हणजे स्पर्धेच्या दैनिक भत्त्याचे, पैसे फेब्रुवारीत मिळाले, तेही सरांनी तीनदा कागद पुढे सरकवल्यावर. आपापसांत वाटले असते तर दोन वेळचे पोहे झाले असते. सेठ म्हणाला, रिंगला जाळी नाही, बॉल आतून गेला की बाहेरून यावर रोज भांडण होतं, जाळ्या आणा. दोन नायलॉनच्या आणल्या, लंबूनं शिडीशिवाय टेबलावर चढून बांधल्या. गेटकडच्या रिंगची रंगपंचमीपर्यंत टिकली.